बदकांची म्होरकी

बदकं सकाळी आठच्या आत सोडायची नाहीत, ही गोष्ट मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले तरी मला माहीत नव्हती. आईला माहीत होती. बदकीण अंडं पहाटेच्या सुमाराला घालते आणि कोंबडीसारखी जागा धरून बसत नाही. जिथं असेल तिथं घालते आणि पुढं चालू लागते. उजाडल्याबरोबर खुराडं उघडलं तर अंडं कालव्यात. आईची पहिल्या महिन्यातली बहुतेक अंडी अशी तळाला गेली, तेव्हा तिला हे कळलं. माझ्या पुस्तकात बदकाच्या पायाची पडदे असलेली आकृती होती आणि तिला मी दहापैकी नऊ गुण मिळवले होते. अंड्याच्या वेळेबद्दल त्यात काही नव्हतं.

आम्ही श्रीरामपूरहून नेवाशाकडं जाताना लागणाऱ्या कालव्याच्या फाट्यावर राहायचो. पाटबंधारे खात्याची चार खोल्यांची चाळ, समोर कालवा, कालव्याच्या काठानं खात्याचा कच्चा रस्ता, पलीकडं शेतं. वडील पाटकरी होते. कुणाची पाण्याची पाळी कधी, कुठलं दार किती उघडायचं, कधी पाडायचं, हे त्यांचं काम. ते चौथी शिकलेले. आई मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत गेली होती. तिला बायबल वाचता यायचं आणि जेमतेम लिहिता यायचं. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेलं माणूस म्हणजे मी. नगरला वसतिगृहात राहून शिकले, एकदाही नापास न होता शिकले. हे मी अजूनही सांगते. सांगू नये असं काही त्यात मला दिसत नाही.

बदकं आमच्याकडं आली ती ओव्हरसियरांच्या बदलीमुळं. त्यांच्या बाईंनी सामान ट्रकमध्ये चढवताना एक टोपली आईच्या हातात दिली. त्यात दोन तपकिरी माद्या आणि एक पांढरा नर. एक मादी मुंगसानं नेली. दुसरी राहिली. तिची अंडी आईनं उन्हाळ्यात उबवायला बसलेल्या एका खुडुक कोंबडीखाली ठेवली आणि नऊ पिल्लं निघाली. हौदाच्या सांडपाण्याचं डबकं दिसताच ती नऊच्या नऊ त्यात उतरली तेव्हा ती कोंबडी काठावर इतकी ओरडली की चाळीतली माणसं साप निघाला म्हणून काठ्या घेऊन आली. ही हकीकत आईनं मला पत्रात कळवली होती. तिनं मला लिहिलेलं ते सगळ्यात लांब पत्र.

मी पदवी घेऊन घरी आले तो बहात्तरचा दुष्काळ. धरणात पाणी नव्हतं. कालव्याच्या पाळ्या लांबत गेल्या होत्या. अधूनमधून गावांना प्यायला पुरेल एवढी धार सोडायचे, बाकी कालव्याचा तळ उघडाच. निम्मं गाव खडी फोडायच्या कामावर जायचं. रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याच्या पिठाची भाकरी धरत नाही म्हणून आई रोज त्याला शिव्या द्यायची. मी शाळांना अर्ज करत होते आणि उत्तराची वाट पाहत होते. दुसरं काम नव्हतं म्हणून मी बदकांकडं बघू लागले. वहीत नोंदीही करायचे, तारीखवार.

बदक दिवसभर खातं, पण कोंबडीसारखं उकरत नाही. त्याची नखं त्या कामाची नाहीत. ते चिखलात चोच घालतं आणि शिलाईच्या यंत्रातल्या सुईसारखं टप टप टप पुढं जातं. चोचीच्या कडेला बारीक दात्यांची चाळणी असते. चिखल आत, पाणी बाहेर, आणि अळी किंवा गोगलगाय असेल ती तेवढी राहते. पाणी हातभर असेल तर डोकं खाली, शेपटी वर. कोरडा दाणा टाकला तर दोन घास खातं, की लगेच पाण्याकडं पळतं, चोच बुडवतं, परत येतं. पाणी जवळ नसेल तर त्याच्या घशाखाली कोरडं उतरत नाही. शेताला पाणी धरलं की सरीत पाणी जसं पुढं सरकतं तसं बदक त्याच्या मागोमाग सरकतं, कारण बिळातले रातकिडे आणि गांडुळं तेव्हाच वर येतात.

ती जायची यायची ती एका रांगेत. पुढं ती जुनी तपकिरी, मागं नऊ, आणि सगळ्यात शेवटी पांढरा नर. शेपटीवर वळलेलं पीस आणि ऐट मोठी, पण आवाज घोगरा, बसलेला. मोठा आवाज फक्त मादीचा असतो. आई म्हणायची, "आपल्या चाळीतबी तसंच हाय." जुनीला आई म्होरकी म्हणायची. गुरांच्या कळपाला म्होरक्या असतो तशी. मी वहीत म्होरकी असा शब्द लिहिला नव्हता. मी "मादी क्रमांक एक" असं लिहिलं होतं.

आईच्या नावावर जगात दुसरं काही नव्हतं. खोली खात्याची, सायकल वडिलांची, दोन पातेली तिच्या माहेरची होती पण ती घरातली झाली होती. बदकं तिची. अंडी ती विकायची नाही, द्यायची. बदकाचं अंडं दम्याला चांगलं असं लोक मानायचे. त्यामुळं आमच्या दारात कधी न येणारी माणसंही मागच्या बाजूनं यायची. शेजारच्या शेताचे मालकही त्यातलेच. आई त्यांना भाऊ म्हणायची म्हणून मी मामा म्हणायचे. त्यांच्या म्हाताऱ्या आईला दमा होता. आमच्या घरचं पाणी ते पीत नसत, पण अंडं न्यायचे. अंड्याला कवच असतं, विटाळ आत जात नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

मामांच्या विहिरीला थोडं पाणी होतं. इंजिन लावून दिवसाला तासभर उपसा व्हायचा. तेवढ्यावर त्यांनी कांद्याच्या रोपाचे पाच वाफे जगवले होते. त्या वर्षी त्यांच्या रानात हिरवं म्हणून तेवढंच. कालव्याला पाणी येईल त्या दिवशी रोप लावायचं, असा त्यांचा बेत. आणि कालव्याचा तळ वाळल्यावर आमच्या बदकांनाही आसपास ओली जागा म्हणून तेवढीच उरली होती.

एका सकाळी मामा आमच्या पुढच्या दारात आले. पुढच्या दारात, म्हणजे भांडायला. हातात उपटलेल्या रोपांची मूठ.

"आक्का, ही बघा तुमच्या पावन्यांची न्याहारी."

आई भांडी घासत होती. तिनं रोपं बघितली. "कालपासनं कोंडलीत, भाऊ. दुपारी तेवढी सोडली हुती."

"तेवढ्यात वाफा खाल्ला की. आज ह्यो, उद्या त्यो. पानी आल्यावर मी काय लावू, माझी मिशी?"

मामांचा सालगडी मागं उभा होता, तो हसला. चाळीतले दोघं बाहेर आले. वडील अंगणातच सायकल पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. नंतर ते म्हणाले होते, "माझ्या हातात पान्याचं दार हाय. मी ह्यात तोंड घातलं तर लोक म्हनतील पाटकऱ्यानं पान्याचा दम दिला." त्यांचं बरोबर होतं.

"मग काय करू म्हनता?" आईनं विचारलं.

"काय करायचं? पानी येस्तवर कोंडून घाला. न्हाईतर तुमचा नाताळ आलाच हाय की म्हैन्यावर. समदीच कापा, गावाला जेवान घाला."

"नाताळाला आमी कोंबडं कापतो. बदक न्हाई."

"मग ह्या साली मोठा नाताळ करा."

कोंडून घालणं म्हणजे काय ते आईला कळत होतं. माणसांना मिलो पुरत नव्हता. बदकं बाहेर खातात म्हणूनच जगत होती. खुराडं लावून घेतलं तर आठ दिवसांत ती मेली असती, नाहीतर विकावी लागली असती. आई भांडं तेच तेच घासत राहिली.

तेव्हा मी बोलले. "मामा, बदक कांद्याचं रोप खात नाही."

मामांनी माझ्याकडं नीट बघितलं. मी नगरहून आल्यापासून पहिल्यांदाच. "व्हय का? तू काय त्यांच्यासंगं जेवतीस?"

"शिकलेय मी ते."

"हां, बीयस्शी न्हवं का तू! मग सांग की बाई, काय खातं बदक?"

"अळ्या, गोगलगाई, किडे, गवताचं बी. तुमचं रोप बुडातून कुरतडलंय. ते काम मातीत लपणाऱ्या अळीचं आहे. बदक ती अळीच खायला येतं."

"म्हंजे माझ्या वाफ्याची राखन करतंय म्हन की. पगार देऊ का त्याला?"

सगळे हसले. चाळीतले दोघंही हसले, ते मला जास्त लागलं. पाच वर्षं शिकून आले आणि अंगणात माझ्यावर माणसं हसतात. मी म्हणाले, "एक बदक कापून दाखवते. आधी सगळी वाफ्यात सोडू. पोटात काय आहे ते सगळ्यांनी बघा. कांदा निघाला तर सगळी कापू."

हे बोलताना मी आईकडं बघितलं नव्हतं. बदकं माझी नव्हती, हेही मला सुचलं नाही.

मामा म्हणाले, "आन न्हाई निघाला तर?"

"तर तुम्ही पुन्हा काही बोलायचं नाही."

"न्हाई बोलनार. ह्या समद्यांच्या देखत."

असं ठरलं की आधी बदकं तासभर त्याच वाफ्यात सोडायची. मामांनी छातीवर दगड ठेवून ते मान्य केलं. मी बांधावर बसले, सालगडी समोरच्या बांधावर. तासानं मी त्यांच्यात गेले. नऊ तरणी फडफडत पळाली. नर त्यांच्याही पुढं. जुनी मात्र जागेवर उभी राहिली, मान तिरकी करून. तिला माणसाची सवय होती. मी तिला उचललं आणि काखेत धरून अंगणात आणलं.

आईनं विचारलं, "हीच का?"

"कुठलीही चालेल. सगळ्यांचं खाणं एकच आहे."

"बरं," आई म्हणाली. मग बदकिणीकडं बघून, "मारायचंबी शिकवलंय, का नुस्तं उघडायचं?"

कॉलेजात बेडूक आम्हाला मेलेला मिळायचा.  आईनं माझ्या हातातून बदकीण घेतली, घराच्या मागं गेली आणि दोन मिनिटांनी परत आणून पाटावर ठेवली.

मी माझी डिसेक्शनची पेटी काढली. कात्री, चिमटा, टाचण्या. ती पेटी मी स्वतःच्या शिष्यवृत्तीतून घेतली होती. मी ते काम चांगलं केलं. एकही आतडं फुटलं नाही. आधी अन्ननलिका उघडली, मग खडे भरलेली ती दणकट पिशवी, जिच्यात दाणे भरडले जातात. आतलं सगळं पितळीत, म्हणजे आमच्या खोलगट ताटात, पाणी घालून धुतलं आणि चिमट्यानं वेगळं केलं. बारीक गोगलगाई, शिंपल्यांचा चुरा, खडे, लव्हाळ्याचं बी, मिलोचे चार दाणे, आणि मातकट रंगाच्या जाड अळ्या, त्यातल्या तीन अजून अखंड. कांद्याच्या रोपाचा एक तुकडाही नाही.

मामांनी वाकून बघितलं. वासही घेतला, कांद्याचा येतो का म्हणून. अळी चिमट्यानं उचलून सालगड्याला दाखवली. मग ताठ झाले आणि म्हणाले, "मानलं बाई. पोरगी शिकली खरी." आणि सालगड्याला, "चल रं, अळी वेचायला लाग."

मी जिंकले. चाळीतल्या लोकांनी हे पुढं बरीच वर्षं सांगितलं. एक गोष्ट मात्र मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. त्या तासाभरात मी बांधावरून बघत होते, तेव्हा बदकांनी चोची खुपसून आणि पाय देऊन ओली रोपं आडवी केली होती, काही मुळासकट वर आली होती. मामांच्या मुठीतली निम्मी रोपं अशीच उपटलेली असणार. बदकांच्या पोटात कांदा नव्हता, पायाखाली होता. पण मला पोटाबद्दल विचारलं होतं.

जुनीचं आईनं दुपारी कालवण केलं. वाया घालवायचे दिवस नव्हते. मी जेवले. मटण चिवट होतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी कालव्याला पाणी सुटलं. कित्येक महिन्यांनी पूर्ण पाळी आली होती. पहाटेपासून काठावर माणसं, प्रत्येक दारापाशी खोरी घेऊन उभी. वडील सायकलवरून वरखाली करत होते. आईनं आठ वाजता खुराडं उघडलं. दहा बदकं बाहेर आली आणि दारातच घोळका करून उभी राहिली. रांग होईना. ह्यानं त्याच्याकडं बघायचं, त्यानं ह्याच्याकडं. मग कुणीतरी काठावरून घसरलं आणि सगळी पाण्यात पडली.

इथं कालवा कसा होता ते सांगायला हवं. दोन्ही काठ उभे, बदकाला चढता येणार नाहीत असे. आमच्या चाळीपासून दोन-अडीच फर्लांगांवर गुरांना पाणी पाजायला एक दगडी उतरण होती. तिच्या पुढं शंभरेक पावलांवर पाणी एकदम पुरुषभर खाली कोसळायचं, त्याला आम्ही धबधबा म्हणायचो. जुनी आदल्या वर्षी पाणी असताना इथं उतरायची, वाहत जायची, उतरणीपाशी काठाला लागून वर चढायची, तिथल्या लव्हाळ्यात दिवसभर खायची आणि संध्याकाळी रस्त्यानं चालत घरी यायची. जाताना वाहत, येताना चालत. नरही तिच्याच मागं. नऊ तरणी तर कालवा कोरडा असतानाच वाढलेली. भरून वाहणारा कालवा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

हे सगळं मला नंतर जोडता आलं. त्या सकाळी मी दारात उभी राहून ती किती झोकात पोहतात ते बघत होते.

संध्याकाळी आई उतरणीपर्यंत जाऊन आली. "या, या, या," म्हणून हाका मारत गेली आणि हाका न मारता परत आली. वडिलांनी सायकलवरून पुढच्या प्रत्येक दारावर चौकशी केली. धबधब्याखाली दगडात एक अडकलेलं मिळालं, मेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दीड-दोन मैलांवरून निरोप आला, उसाच्या फडात पाटाच्या पाण्यात बदकं बसलीत, कुणाची आहेत. ज्या दारातून ती त्या पाटात गेली ते दार वडिलांनीच उघडलेलं होतं.

आणायची कशी असा प्रश्न होता. मामा कांद्याची लावण टाकून बैलगाडी घेऊन आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. फडात शिरून आम्ही एकेक धरलं आणि मामांच्या डालग्यात घातलं. सहा माद्या आणि नर. दोन मिळालीच नाहीत. गाडी चालू झाल्यावर मामा मागं न बघता म्हणाले, "काय बीयस्शी, पोटात काय हाय त्ये कळलं. डोक्यात काय आसतं त्याचं पुस्तक न्हाई का?"

 आई म्हणाली, "गाडी हाका, भाऊ."

घरी आल्यावर तिनं सातही खुराड्यात घातली आणि कडी लावली. पाणी अजून बारा-तेरा दिवस राहणार होतं. तेवढ्यात त्यांना उतरण कळली तर कळली. नाहीतर पुढच्या पाळीला उरलेली सातही जाणार होती, कारण पाणी दिसलं की बदक थांबत नाही. आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"म्होरकी तू कापलीस," ती म्हणाली. "आता म्होरकी तूच व्हायचं."

आवाज चढवला नाही. मला वाटलं रागानं म्हणतेय. पण ती काम सांगत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज आठ वाजता पितळीत भिजवलेला मिलो घेऊन निघायचे. चमच्यानं पितळी वाजवत रस्त्यानं पुढं मी, मागं सात बदकं. ती पाण्यात उतरली की मी काठानं त्यांच्या वेगानं चालायचे, कधी पळायचे. उतरण आली की त्यांच्या आधी पोचून, पातळ खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहायचे आणि पितळी बडवायचे. पाणी डिसेंबरचं. पहिल्या दिवशी दोन पुढं वाहून गेली, त्यांना मामांच्या सालगड्यानं धबधब्याच्या अलीकडं काठीनं अडवलं. दुसऱ्या दिवशी एक. संध्याकाळी पुन्हा मीच रस्त्यानं पुढं, मागं रांग.

पाळीचे दिवस. काठावर अख्खं शिवार हजर. मी ज्यांच्यासमोर आठवड्यापूर्वी जिंकले होते ते सगळे आणि आणखी पन्नास.

"बाई, ह्या वर्गात किती पोरं?"

"सात."

"पास व्हतील का?"

"हजेरी तर रोज आहे," मी म्हणायचे.

पहिले दोन दिवस माझी मान वर होत नव्हती. तिसऱ्या दिवसापासून पाण्याकडंच लक्ष द्यावं लागायचं, त्यामुळं मानेचा प्रश्न मिटला.

एकदा आई माझ्यासोबत उतरणीवर येऊन बसली. मी पाण्यात होते. मी विचारलं, "त्या दिवशी तुला माहीत होतं ना, हीच म्होरकी, हिच्यावाचून बाकीची भरकटतील?"

"व्हतं की."

"मग बोलली का नाहीस? दुसरं धर म्हणायचं."

"म्हनलं न्हवं, हीच का म्हनून." मग ती लव्हाळ्याचं एक पातं तोडून दातात धरून म्हणाली, "चारचौघांत तू बोलून बसली हुतीस. आपल्या घरात पहिल्यांदा कुनीतरी शिकून आलं, आन पहिल्यांदाच लोकांम्होरं उभं राह्यलं. तितं मी आडानी बाई म्हनू, हिला समजत न्हाई? बदकं काय, पुन्ना येत्यात."

पुन्हा येत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. ओव्हरसियरांच्या बाई दर वर्षी बदलून जात नाहीत. मी पितळी वाजवत राहिले.

नवव्या दिवशी वडील सायकलवरून लिफाफा घेऊन आले. सोनईजवळच्या एका शाळेत विज्ञान शिक्षिका म्हणून नेमणूक, पुढच्या सोमवारी हजर व्हायचं. वडिलांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं, काठावरच्या लोकांना ऐकू जाईल असं. मग म्हणाले, "उद्याच्या एस्टीनं जा. खोली बघाया लागंल, सामान लावाया लागंल."

"पाणी शनिवारपर्यंत आहे ना?"

"हाय."

"मग रविवारी जाईन."

वडिलांनी आईकडं बघितलं आणि लिफाफा खिशात घातला.

तोवर एक मादी जराशी पुढं राहू लागली होती. चोचीवर काळा ठिपका असलेली. मी वहीत तिची नोंद केली. ह्या वेळी क्रमांक टाकला नाही. शुक्रवारी मी पितळी नेली पण वाजवली नाही. ठिपकेवाली आली, तिच्यामागं चार. दोघांना हाकलून आणावं लागलं. शनिवारी मी पितळी घरी ठेवली.

त्या दिवशी पाणी उतरायला लागलं होतं, तरी ओढ बरीच होती. आई आणि मी उतरणीपासून लांब, बाभळीखाली बसलो, बदकांना दिसू नये अशा. मामा पलीकडच्या बांधावर बिडी ओढत उभे होते. त्यांची लावण झाली होती. हात वर करून त्यांनी विचारलं, काय? मी हातानंच सांगितलं, गप.

सात आली. ठिपकेवाली पुढं होती, पण मधल्या धारेत. उतरण आली आणि ती तशीच पुढं गेली. आईनं माझं मनगट धरलं. मी उठणार तोच ठिपकेवालीनं मान वळवली, दोनदा मोठ्यानं ओरडली, आणि काठाच्या संथ पाण्याला लागून धारेच्या उलट पाय मारू लागली. हातभर पुढं, वीतभर मागं. मग तिचा पाय दगडाला लागला. ती चढली, अंग झाडलं आणि सरळ लव्हाळ्यात चोच घातली. मागून एकेक चढलं. नर सगळ्यात शेवटी, नेहमीप्रमाणं ऐटीत.

आईनं मनगट सोडलं. "चढली," ती म्हणाली.

पलीकडून मामांनी बिडी विझवली आणि ते आपल्या वाफ्यांकडं गेले.

 बदकं चिखलात शिलाई घालत होती. मग आई उठली, पातळाचा काष्टा सारखा केला आणि म्हणाली, "चल. तुझी ट्रंक भरायचीय. उद्या एस्टी चुकायला नको."